ओले बूट, कोरी कॉलर

१

नऊ वर्षांपूर्वी नावेसकट बुडालेला एक माणूस एका मंगळवारी सकाळी सात वाजता स्वतःच्या घरात खोकला, आणि त्या खोकल्यापायी त्याच्या मुलीचा अर्ज नामंजूर झाला.

हे कुणी तोंडी सांगितलं असतं तर वकीलबाईंनी त्याला ग्लासभर पाणी देऊन घरी पाठवलं असतं. पण हे सरकारी कागदावर होतं, शिक्क्यानिशी. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि कारकुनाला हाक मारली.

"काका, हे वाचा आणि मला सांगा, मी जागी आहे ना?"

कारकुनाला सगळे मापकाका म्हणत. वकिलाच्या ऑफिसात ते उतारवयात आले. त्याआधी तीस वर्षं अग्निशामक दलाच्या गणवेशाचं भांडार त्यांच्या ताब्यात होतं. समोरच्या माणसाची मान, छाती आणि पाऊल टेप न लावता सांगायची त्यांची ख्याती होती. त्यांनी कागद लांब धरून वाचला.

'आमचे अधिकारी पूर्वसूचना न देता अर्जदार मुलीच्या घरी गेले असता दाराबाहेर पुरुषाचे ओले बूट आढळले. दोरीवर पुरुषाचा ओला शर्ट होता. सात वाजता घरातून पुरुषाच्या खोकल्याचा आवाज आला. कोण आहे असे विचारता मुलीने "बाबा" असे उत्तर दिले. सबब मुलीचे वडील हयात असून तिच्यासोबत राहतात.'

नियम साधा आहे, पण कडक आहे. आई परदेशात आणि मूल मागे राहिलेलं असेल, आणि त्याला कायमचं तिच्याकडे जायचं असेल, तर अर्जाच्या दिवशी मुलाचं वय अठराच्या आत लागतं. शिवाय आईने दाखवून द्यावं लागतं की मुलाची जबाबदारी ती एकटी वाहते. शाळा कोणती, डॉक्टर कोणता, हे सगळं तिनेच ठरवलं. बाप त्याच घरात राहतो म्हटलं की हा दावा तिथेच कोसळतो.

"प्रेत मिळालं नव्हतं," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणून मृत्यूचा दाखला नाही. कोर्टातून जाहीर करून घेता आलं असतं, पण त्याच्या बहिणीने, म्हणजे मुलीच्या आत्याने, अर्जावर सही केली नाही. आणि हे नकाराचं पत्र बारा दिवस तिने कुणाला दाखवलं नाही. मुलीला सापडलं म्हणून आपल्याकडे आलं."

"सुनावणी कधी?"

"परवा, शुक्रवारी, दुपारी तीनला. रविवारी पोरीला अठरा पूर्ण होतात. शुक्रवारी हरलो तर नवा अर्ज करायला वयच उरत नाही. मग ती आईकडे जन्मभर पाहुणी म्हणून जाईल." त्यांनी फाइल मिटली. "मला सरळ दिसतंय. आत्याला मुलगी सोडवत नाही. तिनेच हा बाप उभा केलाय."

"नसेल तर?"

"नसेल तर तो खरंच जिवंत आहे. आणि तिसरं काही असलं, काका, तर ते माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं."

२

आत्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना दगडी होता, आणि वरच्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं. मापकाका पोहोचले तेव्हा बुधवारचे चार वाजले होते. खोलीत सहा खुर्च्या उलट्या ठेवलेल्या होत्या. आत्या वेताच्या खुर्च्या विणून देई. बोटांना चिरा पडलेल्या, आणि विणताना ती वर बघत नसे.

मुलगी दारात उभी राहिली. आत्या तिला टिचकी म्हणे. लहानपणी ती फारच बारकी होती म्हणून. आता आत्यापेक्षा हातभर उंच झाली तरी नाव तेच.

"ताई, पत्र का लपवलंत?" काकांनी बसता बसता विचारलं.

"लपवलं नाही. ठेवलं."

"बारा दिवस?"

आत्याने वेत ताणला. "माझा भाऊ येतो की नाही ते मला विचारू नका. मी दार उघडून बघितलेलं नाही. मी आठच्या आत दार उघडतच नाही. रोज दारात बूट असतात, ओले. कडक उन्हाळा असो, नाहीतर महिना महिना पाऊस नसो, ओलेच. आणि सातला तो खोकतो. तीनदा. दोन लहान, एक लांब. मी त्याच्यापाठची बहीण आहे, काका. तो खोकला मी ओळखणार नाही तर कोण?"

"बूट कुठे जातात मग?"

"दहाला दुकानात वेत आणायला जाते तेव्हा असतात. परत येते तेव्हा नसतात."

हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती, आणि म्हणूनच काकांच्या मानेवर काटा आला.

साडेचारला फोन वाजला. आई परदेशात चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला होती. रोज तिला याच वेळी सुट्टी मिळे. टिचकीने फोन टेबलावर ठेवला आणि खोलीभर आईचा आवाज पसरला.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलीस? नाही? मग मी तुला काय सांगितलं होतं? शुक्रवारच्या आत जा. आणि मागच्या बाकावर बसू नकोस. आत्याला सांग, तुझ्या वहिनीनं सांगितलंय म्हणून."

टिचकी हसून "हो गं" म्हणाली. आत्या मात्र खुर्चीखाली वाकून बसली होती, फोनपासून जितकं लांब बसता येईल तितकं.

निघताना काकांनी दोरीवरचा शर्ट हातात घेतला. राखाडी, साडेचौदाच्या मानेचा. काटकुळ्या माणसाचा. त्यांनी कॉलर उलटली, काखेत बोट फिरवलं आणि शर्ट परत जसा होता तसा टांगला.

"तुमच्या भावाचा?"

आत्याला ऐकू गेलं नसावं. ती वेत मोजत राहिली.

३

समोरच्या दारात एक म्हातारे गृहस्थ राहत. आयुष्यभर नाटक कंपन्यांत विंगेत उभं राहून नटांना वाक्यं सुचवायची त्यांची नोकरी. सगळे त्यांना प्रॉम्प्टरबुवा म्हणत. त्यांनी काकांना आत घेतलं आणि आधी कडी लावली.

"मी आता पंचाहत्तरीचा. मला खोटं बोलून काय मिळवायचंय? बूट मी पाहिलेत. ओले गच्च. शर्टही पाहिलाय, कधी राखाडी, कधी निळा. नदीतून उठून येतो, शर्ट वाळत घालतो आणि आत जातो. मला दिवस दिवस जेवण जात नाही."

"त्याच्याशी ओळख होती?"

"भिंतीला भिंत होती हो. भला माणूस. नाव वल्हवायचा आणि घरी आला की पोरीला खांद्यावर घेऊन जिने चढायचा."

बुवांची आणि आत्याची न्हाणीघरं एकाच हवेच्या पोकळीत उघडत होती. तिथून आत्याच्या घरातली बादली ठेवल्याचा आवाजही येत होता. काकांनी तेवढं पाहून घेतलं.

तळमजल्यावर जिन्याला लागूनच टाकीवाला राहत होता. लोकांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या धुऊन द्यायचा त्याचा धंदा. प्रचंड माणूस; दारातून बाहेर आला तेव्हा दारच लहान वाटलं. सायकलला शिडी बांधलेली, खाली लांब दांड्याचे ब्रश आणि जंतुनाशक पुडीचा डबा.

"बाप येतो का, विचारताय? खोकतो तो. मी ऐकलंय. जिन्यात ऐकलंय, या कानांनी. शर्ट तर अख्खी इमारत बघते. आता मी काय सांगू, साहेब? मला भुताची भीती नाही. पण त्याची आहे. ओळखीचा होता ना."

काका परत रस्त्यावर आले. तिघांच्याही डोळ्यांत खरी भीती होती. तीस वर्षांत आगीतून परतलेल्या पुष्कळ माणसांचे कपडे त्यांनी परत घेतले होते. भ्यालेला माणूस त्यांना कळत असे. हे तिघं नाटक करत नव्हते.

आणि तरी प्रत्येकाच्या बोलण्यात कुठेतरी एक टाका निसटला होता. तो कुठे, ते त्यांना त्या संध्याकाळी सापडलं नाही.

४

गुरुवारी पावणेसातला ते परत जिन्याशी आले. ऊन नुकतं पायऱ्यांवर पडत होतं. महिनाभर आभाळात ढग नव्हता.

पहिल्या पायरीवर ओला ठसा होता.

बुटाचा ठसा. भला मोठा, टाचेची बाहेरची कड झिजलेली. दुसऱ्या पायरीवर दुसरा. काका भिंतीला धरून एकेक पायरी चढले. ठसे पहिला मजला ओलांडून गेले, दुसरा ओलांडून गेले, आणि तिसऱ्या मजल्यावर आत्याच्या बंद दाराशी थांबले. तिथे बूट होते. जोडीने, टोकं दाराकडे, जसं कुणी आत्ताच काढून आत गेलंय. भोवती पाण्याचं लहानसं थारोळं.

काकांनी मागे वळून पाहिलं. सगळे ठसे वर येत होते. खाली गेलेला एकही नव्हता.

ते गुडघ्यावर बसले. देवाचं नाव आधी घेतलं आणि मग बूट उचलला. अकरा नंबर. चांगला सव्वादोन मण वजनाचा माणूस. वास पाण्याचा होता, पण नदीचा नव्हे, दवाखान्याच्या फरशीसारखा. त्यांनी डाव्या बुटात बोटं घातली. वरून निथळणारा बूट आतून नुसता दमट होता. टोकाशी काहीतरी निळं बोटांना लागलं. शाई.

तेवढ्यात घड्याळात सात झाले.

खोकला आला. दोन लहान आणि एक लांब. दाराच्या आतून, खोल कुठूनतरी, पोकळीत भरून यावा तसा. मग सगळं शांत झालं. दाराच्या अलीकडे बूट आणि पलीकडे खोकला, आणि मध्ये साठी ओलांडलेला एक माणूस गुडघ्यावर बसलेला.  बूट होता तसा ठेवून काका वरच्या गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसले.

साडेसातला कडी हळूच निघाली. टिचकी शाळेच्या कपड्यांत बाहेर आली. बुटांना बघून ती दचकली नाही. खाली वाकली आणि घडी घातलेला एक कागद तिने डाव्या बुटात सरकवला. ओली टाच हाताने पुसली, मायेने.

"कुणाला गं?" काकांनी वरूनच, शक्य तितक्या हळू विचारलं.

ती पळाली नाही. "बाबांना."

"कधीपासून?"

"चौथीपासून. आत्याला सांगू नका, ती घाबरेल."

"उत्तर येतं?"

"नाही." तिने वर पाहिलं. "मला कळतं, काका. मी काही लहान नाही. बुडालेली माणसं परत येत नाहीत हे मला कळतं. पण दुसऱ्या सकाळी बुटात चिठ्ठी नसते. नऊ वर्षांत एकही राहिली नाही. मग कोण नेतं?"

५

काकांना दहापर्यंत तिथे बसून बूट कोण उचलतं ते पाहता आलं असतं. ते उठून गेले. प्रेमाने केलेलं काम चोरासारखं पकडायला त्यांचं मन घेईना. टाका कुठे निसटला होता ते त्यांना आता दिसलं होतं.

शुक्रवारी सकाळी सातला दहा मिनिटं असताना त्यांनी आत्याच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. प्रॉम्प्टरबुवा एका अर्धवट विणलेल्या खुर्चीच्या काठावर, टाकीवाला जमिनीवर, आत्या तिच्या जागी, टिचकी दाराला टेकून. वकीलबाई उभ्याच राहिल्या. दुपारच्या सुनावणीची फाइल छातीशी धरून.

काकांनी घड्याळ समोर ठेवलं. सात वाजले. सातला एक मिनिट झालं. दोन झाली.

कुणी खोकलं नाही.

आत्याने मान वर केली. दोन दिवसांत काकांनी तिला पहिल्यांदाच वर बघताना पाहिलं. "का नाही खोकला?"

"सांगतो," काका म्हणाले. "देव एका जिवाला एकच देह देतो. पण हा जो येतो, त्याची मान साडेचौदा आणि पाऊल अकरा. अशा मानेला असे पाय मी तीस वर्षांत कुणाला दिले नाहीत. शर्ट आहे काटकुळ्या माणसाचा, बूट आहेत पहिलवानाचे, आणि खोकला येतो बारक्या छातीतून. हा एक माणूस नाही. ही तीन माणसं आहेत."

वकीलबाईंनी फाइल खाली घेतली.

"आता गंमत बघा. या घरात तीन खुणा. बूट, शर्ट, खोकला. मी तिघांशी बोललो आणि प्रत्येकाने मला दोनच सांगितल्या. ताई, तुम्ही बूट सांगितलेत, खोकला सांगितलात. तुमच्याच दोरीवरचा शर्ट सांगितला नाहीत. बुवा, तुम्ही बूट आणि शर्ट सांगितलात. खोकला ज्या पोकळीतून येतो तिच्या तोंडाशी तुमचं न्हाणीघर, आणि तुम्हाला तो ऐकूच आला नाही? आणि तू बाबा, जिन्याला लागून राहतोस. तू खोकला सांगितलास, शर्ट सांगितलास. रोज तुझ्या दारावरून वर जाणारे बूट तेवढे तुला दिसले नाहीत. माणूस ज्या गोष्टीला भितो ती सांगतो. जी त्याने स्वतः केलेली असते तिला तो भीत नाही, म्हणून ती राहून जाते."

 मग आत्या बोलली.

"शर्ट मी घालते वाळत. रोज भिजवते आणि घालते. तो गेल्यावर पहिल्याच महिन्यात भरदुपारी कुणीतरी बाहेरून कडी हलवत होतं. बराच वेळ. वहिनी नंतर कामाला परदेशी गेली. घरात मी आणि हे पोर. म्हटलं, दोरीवर पुरुषाचा शर्ट दिसला पाहिजे."

"म्हणून खांद्यावर उन्हाने विरलेला आणि कॉलर कोरी," काका म्हणाले. "नऊ वर्षं धुतलेला आणि एकदाही न घातलेला."

"ती कडी मीही ऐकली होती," प्रॉम्प्टरबुवा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "मी म्हातारा. मारामारी काय करणार? पण आवाज माझ्या हातात होता. त्याचा खोकला मी सहा वर्षं भिंतीतून ऐकलेला. पोकळीत तोंड घालून रोज खोकायचो, जिन्यात ऐकू जाईल असा. आणि मग बाहेर येऊन बघतो तर दारात बूट! मला वाटलं, मीच त्याला हाक मारून बोलावतोय. दोनदा खोकणं सोडलं. तरी बूट आलेच."

सगळे टाकीवाल्याकडे बघू लागले. तो लाल झाला होता.

"बाईमाणसाच्या दारात पुरुषाचे बूट असले की कुणी वाकड्या नजरेने बघत नाही. मला तेवढंच सुचलं. पहाटे टाक्या धुऊन येतो, वर येऊन बूट ठेवतो आणि अनवाणी खाली जातो. दहाला ताई वेत आणायला गेल्या की उचलून नेतो. बुटात पाय प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेले असतात, म्हणून कोरडे."

"पण ओले का रे ठेवायचास?" बुवा जवळजवळ ओरडले.

"माझे बूट ओलेच असतात. कोरडे माझ्याकडे नाहीतच."

"अरे माणसा, तो बुडाला होता!"

 मोठा माणूस एकदम लहान झाल्यासारखा दिसला. "ते... ते माझ्या डोक्यातच आलं नाही, ताई."

आत्या हसायला लागली. हसता हसता तिने पदर तोंडात धरला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. नऊ वर्षं तीन माणसांनी एकमेकांपासून लपवून एका चौथ्याला जिवंत ठेवलं होतं. प्रत्येकाने तिसरा हिस्सा दिला होता आणि उरलेल्या दोन हिश्शांना घाबरत दिवस काढले होते.

"आणि ते पत्र," ती म्हणाली, "त्यात सरकारने लिहिलं होतं की तो हयात आहे. शिक्का मारून. मी बारा दिवस ते वाचत होते. मला ते कुणाला द्यावंसं वाटेना."

दाराला टेकलेली टिचकी पांढरीफटक पडली होती. तिला कुणी विसरलं नव्हतं, पण तिच्याकडे बघण्याची हिंमत कुणात नव्हती.

"मग माझ्या चिठ्ठ्या?" ती म्हणाली.

६

"चिठ्ठ्या तुझ्या होत्या?" टाकीवाला उठून उभा राहिला. "मला वाटलं ताई लिहितात. बूट ठेवू नका म्हणून. मला आकडे येतात, अक्षर येत नाही. दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटली. ताई रोज शिव्या देत असतील, देऊ दे. पण बूट ठेवायचं सोडलं आणि काही झालं तर?"

"टाकल्यास?" वकीलबाईंनी झटकन विचारलं.

"लिहिलेला कागद टाकवतो का कुणाला?"

तो खाली गेला आणि रंगाचे दोन रिकामे डबे घेऊन वर आला. झाकणं उघडली तर आत काठोकाठ घड्या.

तोवर वकीलबाई खिडकीशी गेल्या होत्या. त्यांना आनंद झालेला दिसत नव्हता. "तुम्ही तिघं आज शपथेवर सांगाल की हा बाप आम्ही रचला. अधिकारी एकच विचारेल: लबाडी तेव्हा केलीत की आता करताय? शेजारी आहात, माया आहे. तुमचा शब्द तो तराजूत घालणारच नाही. मला त्या वेळचा पुरावा हवा. तुमच्यापैकी कुणी न रचलेला."

काका डब्यांकडे बघत होते.

"बाई, नियम काय विचारतो? बाप घरात आहे का, आणि पोरीचं भलंबुरं कोण ठरवतं. बरोबर? मग घरात नसलेल्या बापाला नऊ वर्षं रोज लिहिलेलं पत्र याहून मोठा पुरावा कुठला?" ते टिचकीकडे वळले. "पण त्या तुझ्या आहेत. तू म्हणशील तर झाकण लावतो."

"माझ्या नाहीत," ती कशीबशी म्हणाली. "बाबांच्या आहेत."

"त्या पोचल्या नाहीत, बाळ. जोवर पोचत नाहीत तोवर पत्र लिहिणाऱ्याचंच असतं."

तिने डबा जवळ ओढला. मग डब्यातली वरची घडी स्वतः उलगडली आणि वकीलबाईंच्या हातात दिली.

७

सुनावणीच्या खोलीत खिडकी नव्हती. अधिकारी तेच होते, जे त्या मंगळवारी घरी येऊन गेले होते. वयाने तरुण, आवाज सपाट. त्यांनी तिघांचे जबाब वाचले आणि बाजूला ठेवले.

"खोकला मी स्वतः ऐकलाय."

वकीलबाईंनी मागे पाहिलं. प्रॉम्प्टरबुवा उठले, भिंतीकडे तोंड करून खोकले. दोन लहान, एक लांब. आवाज बुवांकडून नव्हे, भिंतीवर आपटून अधिकाऱ्यांच्या मागच्या कपाटातून आला. अधिकारी खुर्चीत वळले. मग शर्टाची बाही खाली ओढून त्यांनी हातावरचे उभे केस झाकले.

"ठीक आहे. हे कागद काल रात्री बसून लिहिले नसतील कशावरून?"

"रेघांवरून," मापकाका म्हणाले. "लहान वर्गाच्या वहीला चार रेघा, मग दोन, मग एक. दर वर्षीच्या वहीचं पान. सगळ्या कडा त्या टाकीच्या औषधाने पिवळ्या पडल्यात. जुन्या जास्त, नव्या कमी. अक्षर नवव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत वाढत गेलंय. साहेब, पोराची उंची खोटी मोजता येते. अशी रोज रोज वाढलेली खोटी करता येत नाही."

अधिकारी वाचू लागले. पहिली मनात, मग कुणी न सांगता मोठ्याने.

'बाबा, सहलीच्या कागदावर सही पाहिजे. आई फोनवर नाही म्हणाली. तुम्ही असता तर हो म्हणाला असता.'

'बाबा, आईने शाळा बदलायला सांगितली. आत्याला पटलं नाही पण आईने ठरवलं. तुम्ही काहीच का सांगत नाही?'

'बाबा, कान दुखत होता. आईने फोनवरून डॉक्टर शोधला. तुम्ही दारापर्यंत येता आणि आत येत नाही. आम्ही काही केलं का?'

त्यानंतर त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. शेवटची चिठ्ठी गुरुवारची होती. ती त्यांनी दोनदा वाचली.

"जबाबात एक गोष्ट राहिली आहे," ते आत्याला म्हणाले. "वडील परत आले नाहीत असं घरातल्या कुणीच स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं नाही. ते तुम्ही म्हणायला हवं. शपथेवर."

आत्याने टेबलाची कड धरली. बोटांच्या चिरा पांढऱ्या पडल्या. तिने टिचकीकडे पाहिलं. अर्ध्या जिन्यावर थांबलेलं माणूस खाली राहिलेल्याकडे बघतं, तसं.

"माझा भाऊ बुडाला," ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली. तो परत आलेला नाही. या मुलीचं सगळं तिच्या आईने बघितलं. मी फक्त सांभाळलं."

पेन बराच वेळ चालत राहिलं. मग अधिकाऱ्यांनी कागद फिरवून वकीलबाईंपुढे सरकवला. त्यावर एकच शब्द मोठ्या अक्षरांत होता, आणि तो त्यांना लगेच वाचता येईना, कारण चष्मा अजून कपाळावरच होता. काकांनी वाचला. मंजूर.

बाहेरच्या पायऱ्यांवर साडेचारला फोन वाजला. टिचकीने तो कानाला लावला, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. पलीकडून "काय झालं? अगं, काय झालं?" एवढंच येत होतं. आत्याने तिच्या हातातून फोन घेतला.

"वहिनी, मी बोलतेय. झालं काम. येतेय ती." पलीकडे काहीतरी सांडल्याचा आवाज झाला. आत्या थांबली नाही. थांबली असती तर पुढे बोलवलं नसतं. "ऐका आता. सकाळी तीनदा हाक मारल्याशिवाय उठत नाही, पहिल्या हाकेला 'हो' म्हणते त्यावर जाऊ नका. थंड हवेत डावा कान दुखतो. भांडली की जेवत नाही, पण ताट झाकून ठेवलं की तासाने जेवते. बघायचं मात्र नाही. परीक्षेच्या आधी नखं खाते..."

"थांबा, थांबा," आईचा आवाज आला. "मी लिहून घेते."

आत्या थांबली. कागद सापडेपर्यंत, पेन सापडेपर्यंत. टाकीवाला आणि बुवा दोन पायऱ्या खाली रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

"घ्या लिहून," आत्या म्हणाली. "रडताना ती आवाज करत नाही. नुसतं ऐकून कळायचं नाही तुम्हाला. जवळ जाऊन गालाला हात लावून बघायचा."